शाळेची किल्ली

दर वर्षी 20 मार्चला माझं घर पाहुण्यांनी भरतं. महाडात राहणाऱ्या आमच्यासारख्यांचा तो मानच आहे. सकाळपासून वरणभाताचं पातेलं खाली उतरत नाही. कोणी मुंबईहून आलेलं, कोणी नांदेडहून; ओळखीचे, आणि ओळखीच्यांच्या ओळखीचे. उन्हं कलली की गाड्या परतीला लागतात, आणि मग मी थोडा वेळ चवदार तळ्यावर जाऊन बसते. या खेपेला सोबत भावाचा मुलगा होता. वय 24, सिव्हिलचा डिप्लोमा, एमआयडीसीत कंत्राटावर. आमचं मूळ गाव पोलादपूरच्या वरच्या अंगाला; भाऊ-वहिनी अजून तिथल्या बौद्धवाडीत राहतात. मी 31 वर्षं प्राथमिक शाळांतून शिकवलं. आता निवृत्त आहे.

तळ्याच्या पायरीवर सुरू झालेलं आमचं बोलणं घरी रात्री बारापर्यंत चाललं. ते जसं झालं तसं लिहिते आहे.

"आत्या, मला एक ठराव लिहून दे," तो म्हणाला. "1 मेच्या ग्रामसभेत मांडायचाय. तू लिहिलेला कागद ग्रामसेवकाला बाजूला सारता येणार नाही."

"कशाबद्दल?"

"हवामान न्यायाबद्दल."

हा शब्द मी वर्तमानपत्रात वाचला होता. मोठ्या परिषदा भरतात, परदेशातली मुलं फलक धरून उभी राहतात, तिथला तो शब्द. आमच्या ग्रामसभेत पाखाडी, गटार आणि घरकुलाची यादी यांच्या पलीकडे विषय जात नाही. मी त्याला म्हटलं, हा शब्द तू तिथे उच्चारलास तर माणसं चपला घालून उठतील.

"मग शब्द नको लिहू. गोष्ट लिही."

"गोष्ट तरी काय आहे? 22 जुलै 2021 ला महाबळेश्वरला चोवीस तासांत 594 मिलिमीटर पाऊस पडला. तो सगळा सावित्रीने खाली आणला, आणि समोरून खाडीला भरती. माझ्या घरात माळ्यापर्यंत पाणी होतं, शेजारच्या डॉक्टरांकडेही तेवढंच. त्याच दिवशी तळीयेच्या कोंडाळकरवाडीवर डोंगर आला, ऐंशीच्या वर माणसं गेली. तुमच्या पोलादपुरात साखर सुतारवाडी आणि केवनाळे मिळून 11. त्याआधी 2005 च्या जुलैत दासगाव, जुई, कोंडिवते, रोहन. यात कुठली जात वाचली, सांग. दरड जात विचारून येत नाही रे."

तो जरा वेळ पाण्याकडे बघत राहिला. "दरड नाही विचारत," तो म्हणाला. "पण तिच्या वाटेत कोणी राहायचं, हे कोणी ठरवलं? आपली वाडी गावाच्या खाली, पऱ्याच्या काठाला का आहे? सपाटीची जागा गावाने घेतली, उताराची आपल्याला आली. वाड्यांची जातीवरून पडलेली नावं बदलायचं सरकारने 2020 मध्ये ठरवलं. पाटीवर समतानगर येईल. पऱ्या आपल्या उंबऱ्यावरूनच जाणार."

"अरे, पण..."

"आदिवासीवाडीचं बघ. कातकऱ्यांची घरं दुसऱ्याच्या वरकस जमिनीवर. सातबाऱ्याला नाव नाही. नमुना आठला घराची नोंद असली तर असली. उद्या ती जमीन खचली तर पंचनाम्यात नुकसान लिहिणार कोणाचं? मालकाचं. दरडीच्या आधी काय होतं आणि दरडीनंतर काय होतं, ते सगळं जात विचारून होतं, आत्या."

यावर मला लगेच काही सुचलं नाही. त्याच्या वाडीत मी वाढले आहे. श्रावणात पऱ्या भरला की आई रात्री उठून त्याचा आवाज ऐकायची. आवाज चालू असला तर झोपायची. थांबला तर आम्हाला उठवायची, कारण पऱ्या एकाएकी थांबला म्हणजे वर कुठेतरी माती येऊन पाणी तुंबलंय. आईला अक्षर येत नव्हतं. तिला हे कोणी शिकवलं, मला माहीत नाही.

हे मी त्याला सांगितलं, आणि तो उसळलाच. "हेच! हेच मी म्हणतोय. आपला डोंगर म्हणजे काळ्या कातळाचे थर, एकावर एक. मध्ये कुठे कुठे तांबड्या मातीचा पट्टा. वरचा कातळ कुजून माती झालेला. पाणी त्यात मुरतं, खालच्या घट्ट थरावर अडतं, माती जड होते. पायथ्याशी रस्त्यासाठी जेसीबीने कापलेलं असलं तर टेकूच गेलेला असतो. हे मी कॉलेजात शिकलो. पण जमिनीला भेग कुठे पडलीय, कुठलं झाड वाकलंय, कुणाच्या घराचं दार परवापासून लागत नाहीय, हे कॉलेजात कळत नाही. ते ढोरांमागे जाणाऱ्या पोराला कळतं. रायगड जिल्ह्याची दरडप्रवण गावांची यादी कितीतरी वर्षं 103 गावांची होती. त्यातली 49 एकट्या महाड तालुक्यातली, 15 पोलादपुरातली. 19 जुलै 2023 च्या रात्री खालापूरची इर्शाळवाडी गाडली गेली, ठाकर आदिवासींची. 27 मृतदेह मिळाले, 57 माणसं मिळालीच नाहीत. ती वाडी यादीत नव्हती."

"म्हणजे यादी करणाऱ्यांनी नीट करायला हवी होती. ते त्यांचं काम. पगार त्यांना आहे."

"त्यांना पगार आहे, आपल्याला डोंगर आहे. म्हणून पाऊस आपण मोजायचा, भेगा आपण बघायच्या, रात्री वाडी आपण उठवायची."

इथे मी चिडले, हे मान्य करते. गेली काही वर्षं मी हे बघते आहे. वाडीतल्या पोरांना शिबिराला नेतात, दोन दिवस जेवण, टी-शर्ट, शिट्टी, बॅटरी, शेवटी प्रमाणपत्र. तुम्ही उद्याचे नेते, असं सांगतात. पोरं खूश होऊन घरी येतात. घरी आल्यावर नेते करतात काय? झाडं लावतात, नाला साफ करतात, भिंती रंगवतात. गावात काय बांधायचं, कुठे बांधायचं, पैसा कशावर खर्चायचा, हे ठरवताना त्यांना कोणी बोलावत नाही.

मी त्याला म्हटलं, "तुला वतन माहीत आहे?"

"महारवतन? वाचलंय."

"मी वाचलेलं नाही, ऐकलंय. माझ्या आजोबांच्या तोंडून. रात्री गावाची राखण करायची. सांगावा घेऊन दुसऱ्या गावाला पळायचं, पाऊस असो, काळोख असो. मेलेलं ढोर ओढायचं. सरकारी माणूस आला तर त्याच्या घोड्यापुढे धावायचं. बदल्यात तुकडाभर जमीन आणि दारोदारची भाकर. बाबासाहेबांनी त्या वतनाविरुद्ध आयुष्य घातलं. 1958 च्या कायद्याने ते गेलं. आणि तू मला सांगतोस की पावसाळ्यात रात्रभर जागून पाऊस मोजणार, भेगा बघणार, घरोघरी जाऊन लोकांना उठवणार. फुकट. गावाची राखण तू पुन्हा मागून घेतोयस, बाळा. नाव तेवढं नवं आहे."

तळ्याच्या पलीकडे कोणीतरी निळे झेंडे गुंडाळत होतं. तो बराच वेळ बोलला नाही. त्याला लागलं असावं. मला वाईट वाटलं, पण मी शब्द मागे घेतला नाही. आजही घेत नाही.

मग तो हळूच म्हणाला, "राखणदाराला हाक मारायचा अधिकार होता. दार उघडायचा नव्हता. मला दुसरा पाहिजे."

"म्हणजे?"

"सांगतो. आधी हे सांग, या तळ्याचा ठराव कधी झाला होता?"

मी शिक्षिका. तारखा मला विचारू नयेत. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत, हा सीताराम केशव बोल्यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात ऑगस्ट 1923 मध्ये झाला. महाड नगरपालिकेने त्याला धरून जानेवारी 1924 मध्ये आपलं तळं खुलं केलं. कागदावर. त्यानंतर तीन वर्षं कोणी ओंजळभर पाणी घेऊ शकलं नाही. 19 आणि 20 मार्च 1927 ला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली आणि दुसऱ्या दिवशी माणसं चालत तळ्यावर गेली, तेव्हा तो ठराव खरा झाला. त्याच दिवशी, आता वीरेश्वराच्या देवळात घुसणार अशी आवई उठवून, परतणाऱ्या माणसांना झोडपलं. तळं पंचगव्य घालून शुद्ध केलं. डिसेंबरात पुन्हा आले तेव्हा कोर्टाची मनाई होती. खटला मुंबई हायकोर्टात निघाला मार्च 1937 मध्ये. 1923 ते 1937. चौदा वर्षं, प्यायच्या पाण्याला.

"आणि परिषद महाडला भरवायचं कोणी मनात घेतलं?" तो विचारत होता, उत्तर त्याला माहीत होतं. "रामचंद्र बाबाजी मोरे. जन्म 1903 चा. म्हणजे परिषदेच्या वेळी 24 वर्षांचे. माझ्याएवढे. लाडवलीचे, दासगावात वाढलेले."

मोऱ्यांची गोष्ट मी वर्गात दर वर्षी सांगायची. शिष्यवृत्तीची परीक्षा पास झालेला हा मुलगा, वय अकराच्या आसपास. महाडच्या इंग्रजी शाळेने त्याला घेतलं नाही. त्याने पत्र लिहिलं. एवढ्याशा पोराच्या पत्राने शाळेला नमावं लागलं, प्रवेश मिळाला. बसायला मात्र वेगळं. पुढे चवदार तळं, पुढे मुंबईतल्या कामगारांची चळवळ. ज्या दासगावात हा मुलगा वाढला, त्याच दासगावात 2005 ला डोंगर आला. हे दोन दासगाव माझ्या डोक्यात कधी एकत्र आले नव्हते. पाठ्यपुस्तकातलं एक, आणि बातमीतलं एक.

"मोऱ्यांना कोणी टी-शर्ट दिला नव्हता," मी म्हटलं. माझा सूर थोडा उतरला होता.

"नव्हता. म्हणून तुझं वतनाचं बोलणं मला पटतं. पण मोरे थांबले असते, नगरपालिका स्वतःच पाणी पाजेल म्हणून, तर?"

अंधार पडला तशी आम्ही घरी आलो. उरलेला भात गरम केला. जेवताना त्याने मला व्हॅनेसा नकाटेची गोष्ट सांगितली. ही युगांडाची मुलगी. जानेवारी 2020 मध्ये दावोसला पाच तरुण मुलींचा एकत्र फोटो काढला, ग्रेटा थुनबर्गसह. एका मोठ्या वृत्तसंस्थेने तो पाठवताना व्हॅनेसाला कापून टाकलं. उरलेल्या चौघी गोऱ्या. वृत्तसंस्थेने नंतर चूक मान्य केली. शिबिरात हा फोटो दाखवला तेव्हा सगळे हळहळले, तो म्हणाला, पण त्याला पहिल्यांदा आठवली आपली वाडी. व्हॅनेसाही कडेला उभी होती, म्हणून कापायला सोपी गेली.

आणखी एक गोष्ट त्याने सांगितली, ती मला जास्त भिडली. अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलिनात वॉरेन काउंटी नावाचा गरीब, काळ्या लोकांचा भाग. 1982 मध्ये विषारी रसायन मिसळलेली माती पुरायला सरकारने तीच जागा निवडली. लोक रस्त्यावर आडवे पडले, पाचशेवर माणसांना अटक झाली. माती तिथेच पुरली गेली. पण घाण टाकायची जागा निवडताना लोकांचा रंग बघितला जातो, हे त्या देशाला तिथून पुढे नाकारता आलं नाही. मी विचारलं, तू जिथे कामाला जातोस त्या वसाहतीचं सांडपाणी कुठे जातं? सावित्रीच्या खाडीत, तो म्हणाला, आणि ताटात बघत राहिला. खाडीत मासे धरून जगणाऱ्यांत कोण कोण आहे हे आम्हा दोघांना माहीत आहे. त्याची नोकरीही मला माहीत आहे. वहिनीचं औषध तिच्यावर चालतं. तो विषय मी पुढे नेला नाही.

पण माझी शंका संपली नव्हती. वायनाडचं मी वाचलं होतं. केरळातल्या त्या जिल्ह्यात ह्यूम सेंटर नावाच्या संस्थेने दोनशेच्या वर ठिकाणी पाऊस मोजायची सोय केलेली, स्थानिक लोकांच्या मदतीने. 30 जुलै 2024 च्या पहाटे मुंडक्कई आणि चूरलमला वाहून गेलं. संस्थेने आदल्या दिवशीच प्रशासनाला धोक्याचं कळवलं होतं. तरी अडीचशेच्या वर माणसं गेली.

"मोजणारे होते, सांगणारे होते," मी म्हटलं. "काय झालं मग? तुमच्याकडेही तेच होईल. तू रात्री दोनला तहसीलला फोन करशील, साहेब म्हणतील बघतो."

"म्हणूनच मला तहसीलला फोन करायचा नाहीय, आत्या. म्हणजे करीन, पण परवानगी मागायला नाही. सरकारी हिशेबात अतिवृष्टी म्हणजे दिवसाला 65 मिलिमीटर, तीही महसूल मंडळाच्या ठिकाणी मोजलेली. पोलादपुरात जुलैत 65 हा नेहमीचा पाऊस आहे. तो आकडा आपल्याला काही सांगत नाही. आणि मंडळाच्या ठिकाणी शंभर पडला तर आपल्या खोऱ्यात दोनशे पडलेला असतो. उभ्या बाजूच्या डब्याने आपणच मोजायचा. आपल्या वाडीला कितीनंतर भीती, ते दोन-चार पावसाळ्यांत आपल्यालाच कळेल. तोवर भेग आणि पऱ्या बघायचा. आणि ठरलं की उठायचं. उठून जायचं कुठे?"

"शाळेत."

"शाळा माळावर आहे, कातळावर. मी बघितलंय, मागे कापलेला डोंगर नाही. पण शाळेची किल्ली कोणाकडे?"

मी काहीच बोलले नाही. त्याला वाटलं मी विचार करते आहे.

ही गोष्ट मी कोणाला सांगितली नव्हती. 2005 च्या त्या आठवड्यात मी एका गावच्या शाळेत होते. गावाचं नाव लिहीत नाही. 26 जुलैला लोक शाळेत आले, भिजलेले, पोरं काखेत. दोन वर्गखोल्या. एक उघडी होती, तीत गाव शिरलं. वाडीतली माणसं मागून आली. ती व्हरांड्यात बसली. त्यांना आत येऊ नका असं कोणी म्हटलं नाही. त्यांनी विचारलं नाही. आपोआप बसली, जशी लग्नात बसतात. दुसऱ्या खोलीत पोषण आहाराचा तांदूळ आणि दप्तर होतं. तिची किल्ली माझ्या पर्सला होती. मुख्याध्यापक पुरात अडकलेले. त्यांना विचारल्याशिवाय कशी उघडू, तांदळाचा हिशेब कोण देणार, असं म्हणत मी संध्याकाळपर्यंत थांबले. पाऊस आडवा येत होता. व्हरांड्यातली एक म्हातारी पोराला पोटाशी धरून माझ्याकडे बघत होती. मी त्यांच्यातलीच, हे तिला माहीत होतं. दिवेलागणीला मी खोली उघडली. कोणी दगावलं नाही. पण ते सहा तास माझे आहेत.

मी हे त्याला सांगितलं. तो उठून माझ्या शेजारी येऊन बसला. बराच वेळ फक्त पंख्याचा आवाज.

"मला तेच मागायचंय," तो म्हणाला. "1 जून ते 30 सप्टेंबर. शाळेची आणि समाजमंदिराची एकेक किल्ली प्रत्येक वाडीत. वाडीतल्या तरुणाकडे. आणि उघडायला कोणाला विचारायचं नाही."

मी कागद घेतला. तरीही भांडत राहिले. 31 वर्षं कागद सांभाळलेल्या बाईला पटकन सोडवत नाही. शाळा जिल्हा परिषदेची, ग्रामसभा तिच्या किल्लीचा ठराव कसा करील? मग शाळा व्यवस्थापन समितीचाही ठराव लागेल. तो वेगळा कागद. लोकांना रात्री उठवलं आणि डोंगर आला नाही तर? दुसऱ्यांदा हसतील, तिसऱ्यांदा शिव्या देतील, चौथ्यांदा उठणार नाहीत. यावर तो म्हणाला, म्हणून एकट्याने ठरवायचं नाही, वाडीतल्या तिघांनी ठरवायचं, त्यात एक तरी बाई. रात्री उठायची सवय बायकांना असते, त्यांनी सांगितलं की घर उठतं. माझी आई मला पुन्हा आठवली.

पैशावरून आमचं खरं वाजलं. जागणाऱ्याला मजुरी मिळालीच पाहिजे, ही माझी अट. तो म्हणाला, ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातला 15 टक्के वाटा मागासवर्गीयांसाठी खर्चायचा असतो, त्यातून देता येईल. मी पेन खाली ठेवलं. राखण सगळ्या गावाची आणि पैसा आपल्या वाट्याच्या पंधरा टक्क्यांतून? ते वतनापेक्षा वाईट. मजुरी सर्वसाधारण निधीतून, आणि ठरावात ते वाक्य स्पष्ट. हे त्याला आधी सुचलं नव्हतं. त्याने वहीत लिहून घेतलं, आणि मला, खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

मग मी त्याला त्याची एक चूक दाखवली. आदिवासीवाडीची किल्ली कोणाकडे, या रकान्यात त्याने स्वतःचं नाव घातलं होतं.

"तू त्यांचा कोण?" मी म्हटलं. "आपल्या वतीने गाव बोलतं तेव्हा आपल्याला कसं वाटतं? कातकऱ्यांनी आपल्या वाडीचा धडा ऐकत बसायचा का आता?"

तो ओशाळला. तिथे बारावीपर्यंत शिकलेली एक मुलगी आहे, म्हणाला. हुशार आहे, डोंगर त्याच्यापेक्षा तिला जास्त कळतो. पण ती ग्रामसभेला असणार नाही. दिवाळीनंतर सगळी वाडी वीटभट्टीवर जाते.

तेव्हा मला एक साधी गोष्ट दिसली, जी इतकी वर्षं त्या भागात राहून दिसली नव्हती. ग्रामसभेचे ठरलेले दिवस चार. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर. त्यातल्या पहिल्या दोन दिवशी कातकरी भट्टीवर असतात. पावसाळ्याची तयारी ठरते ती नेमकी 1 मेला. आणि पावसाळ्यात, डोंगर सुटायच्या दिवसांत, सगळी वाडी घरी. ज्यांना ठराव लागू व्हायचा ते हजर नसताना तो होतो, दर वर्षी, आणि यात कोणाचा वाईट हेतू असावाच लागत नाही. शंभर माणसं किंवा पंधरा टक्के मतदार जमले की गणपूर्ती होते. नाही जमले तर सभा तहकूब, आणि तहकूब सभेला गणपूर्तीही लागत नाही.

"ठराव 1 मेला नको मांडू," मी म्हटलं.

"मग पावसाळा निघून जाईल. 15 ऑगस्टपर्यंत निम्म्याहून जास्त पाऊस पडून जातो."

"विशेष ग्रामसभा माग. जूनच्या पहिल्या आठवड्यात. आणि ती आदिवासीवाडीत घ्यायला सांग. गावाला एकदा तरी खाली उतरून बसू दे."

"सरपंच ऐकणार नाही."

"1 मेला तेवढंच मागायचं. विशेष सभा, जागा, तारीख. ते नाकारायला त्यांना कारण सापडणार नाही. मी येते."

तो माझ्याकडे बघत राहिला. मी येईन असं त्याने धरलं नव्हतं. मीही धरलं नव्हतं.

त्याने सुरुवात सांगितली, मी लिहू लागले. 'ही ग्रामसभा मा. तहसीलदारांना विनंती करते की' इथपर्यंत आले आणि हात थांबला. 31 वर्षं मी असेच कागद लिहिले. विनंती, सविनय, कळावे. मी ती ओळ खोडली. खाली लिहिलं, 'ही ग्रामसभा ठरवते की'. तहसीलदारांना प्रत पाठवायची म्हणून शेवटी त्यांचं नाव घातलं.

आदिवासीवाडीसमोरचा रकाना रिकामा ठेवला. तिथे ती मुलगी स्वतः सही करील, नाहीतर दुसरं नाव सांगील. तिचा फोन लागत नाही, भट्टी घाटावर कुठेतरी आहे, मुकादमाच्या फोनवर निरोप ठेवावा लागतो.

"कधी परत येतात ते?" मी विचारलं.

"पहिला वळीव पडला, विटा भिजायला लागल्या, की सोडतात."

मी कॅलेंडर काढून मे महिन्याचं पान पुढे घेतलं.